कोड कोणाचा? मुंबईत सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या नव्या मंडळींसाठी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही तिघांनी हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलं. तेव्हा चोरीची भीती वाटायची ती बाहेरच्यांची. थकबाकीवरच्या व्याजाचा भाग डोंबिवलीच्या एका मित्राने घरी बसून लिहून दिला होता. त्याला साठ हजार रुपये दिले आणि खबरदारी म्हणून एका ओळीच्या पत्रावर त्याची सही घेतली : 'या कामाचे सर्व हक्क कंपनीला दिले आहेत.' हे २०१३ सालचं. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आमचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची तयारी दाखवली. त्यांच्या फोर्टातल्या वकीलबाईंनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हक्क किती वर्षांसाठी दिलेत? आणि कुठल्या देशापुरते?"

पत्रात यातलं काहीच नव्हतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं, की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरायचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे २०१८ मध्येच हक्क मित्राकडे परत गेले होते. वर्षभर आम्ही हक्काशिवाय त्याचा कोड विकत होतो, आणि दुबईतल्या दोन ग्राहकांना तर पहिल्या दिवसापासून. त्या बिचाऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. त्याने समजूतदारपणे नव्या करारावर सही केली, पण मूळ रकमेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागले आणि व्यवहार चार महिने लांबला. दुसरा कोणी असता तर व्यवहार मोडलाच असता.

कायदा सॉफ्टवेअर कंपनीचं रक्षण नक्की करतो. पण ज्या वस्तूचं रक्षण मागायचं, ती आपलीच आहे हे आधी दाखवावं लागतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

१. कायदा काय राखतो आणि काय नाही

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. कविता, कादंबरी आणि तुमचा कोड एकाच व्याख्येत बसतात. कोड लिहिला त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. हा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढे ६० वर्षं टिकतो. कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या इतर देशांतही त्याला मान्यता आहे.

पण हक्क लिहिलेल्या मजकुरावर असतो, कल्पनेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटक आणि चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलं आणि तेच तत्त्व सॉफ्टवेअरलाही लागू पडतं. प्रति चौरस फूट मेंटेनन्स लावायचा, पाणीपट्टी आणि सिंकिंग फंड वेगळा दाखवायचा, उशीर झाला की व्याज धरायचं, ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. शेजारच्या गाळ्यातल्या मुलांनी स्वतः बसून असंच सॉफ्टवेअर लिहिलं, तर त्यांनी तुमचं काहीही चोरलेलं नाही. तुमचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेला माणूस ते चालवून, तपासून त्यामागची तत्त्वं समजून घेऊ शकतो. कलम ५२ त्याला ती मुभा देतं. नव्या मंडळींचा सगळ्यात जास्त संताप इथेच होतो. तो समजतो मला. पण 'आमची आयडिया ढापली' एवढ्यावर कोर्टात उभं राहता येत नाही. कोड उचलला, स्क्रीनचं चित्र जसंच्या तसं घेतलं, नाव वापरलं, गुपित फोडलं, असं काहीतरी बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

२. प्रत्येक ओळीचा मालक शोधा

ही पायरी सगळ्यात लांब आहे, आणि पैसे नसतानाही करता येते. तुमची रिपॉझिटरी (सगळा कोड आणि त्यातले बदल जिथे साठवता ती जागा) उघडा आणि आजवर कोणी कोणी कमिट केलं, म्हणजे तिथे कोड जमा केला, त्यांची नावं एका कागदावर लिहा. प्रत्येक नावापुढे लिहा, की हा माणूस तेव्हा कंपनीचा कोण होता आणि त्याच्या सहीचा कुठला कागद आपल्याकडे आहे.

पगारी नोकराचं सोपं आहे. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक मालक-कंपनीच असते, उलट करार केलेला नसेल तर. तरीही नेमणूकपत्रात हक्कांचं कलम घालाच. 'हा कोड मी नोकरीचा भाग म्हणून लिहिलाच नाही, रविवारी हौस म्हणून लिहिला' हा वाद त्याने बंद होतो.

फ्रीलान्सरचं उलट आहे. तो तुमचा नोकर नाही, म्हणून पैसे पूर्ण चुकते केले तरी कोड त्याचाच राहतो. लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय तुमच्याकडे फार तर तो वापरायची परवानगी येते. अमेरिकी नमुन्यांतून उचललेलं 'वर्क मेड फॉर हायर' (पैसे देऊन करून घेतलेलं काम देणाऱ्याचंच) हे कलम आपल्याकडचे कित्येक करार मिरवतात. आपल्या कायद्यात त्या नावाची सोय नाही. इथे स्पष्ट शब्दांत 'हस्तांतरित करत आहे' असंच लिहावं लागतं.

संस्थापकांना वाटतं, आपण तर घरचेच. पण कंपनी नोंदवण्याआधी तुम्ही जे लिहिलंत ते तुमचं वैयक्तिक आहे, कंपनीचं नाही. कंपनी नोंदवली त्याच आठवड्यात तिघांनीही आपापला जुना कोड कंपनीच्या नावे करून द्या. आणि तो कोड दुसऱ्या कंपनीत नोकरी करत असताना, रात्री, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिला असेल, तर आधी तिथलं नेमणूकपत्र काढून वाचा. ऐरोलीच्या किंवा सीप्झच्या मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडून स्वतःचं काही सुरू करणाऱ्यांनी तर नक्कीच. नोकरीच्या काळातलं सगळं काही कंपनीचं, अशी कलमं त्यात सर्रास असतात.

इंटर्न विसरू नका. दोन महिन्यांसाठी आलेल्या, कसलंच पत्र न दिलेल्या मुलीने लॉगिनचा अख्खा भाग लिहिलेला असतो.

हस्तांतरणाच्या करारात काय हवं : कुठलं काम, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात. काळाच्या जागी 'कॉपीराइटची संपूर्ण मुदत' आणि प्रदेशाच्या जागी 'संपूर्ण जग' लिहा. आणखी एक बारीक कलम आहे. हस्तांतरणाने मिळालेले हक्क एक वर्षात वापरले नाहीत, तर ते संपले असं मानलं जातं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. लिहून घेतलेला एखादा भाग वर्षभर बाजूला पडून राहणं आपल्या धंद्यात रोजचं आहे, तेव्हा 'कलम १९(४) लागू राहणार नाही' एवढी ओळ घालायला विसरू नका. पुढे लिहिल्या जाणाऱ्या कामाचं हस्तांतरणही आधीच करता येतं. तो कोड प्रत्यक्षात आला की हक्क तुमच्याकडे येतात. म्हणून सही काम सुरू व्हायच्या आधी घ्या. काम संपल्यावर माणूस पुण्याला जातो, कॅनडाला जातो, फोन उचलत नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. शंभराचा कागद आता चालत नाही. हस्तांतरणाची रक्कम मोठी असेल तर किती शुल्क लागेल ते वकिलाकडून आधी काढून घ्या.

३. ग्राहकाच्या करारात काय देताय ते वाचा

तयार सॉफ्टवेअर तुम्ही विकत नाही, वापरायचा परवाना देता. किती संगणकांवर, किती सभासदांसाठी, किती वर्षांसाठी, पुढे कोणाला देता येईल का, हे परवान्यातच लिहा. ग्राहक सुरक्षेसाठी एक प्रत काढून ठेवू शकतो. तेवढा हक्क कायदाच त्याला देतो.

खरी अडचण मागणीप्रमाणे बनवलेल्या कामात येते. बीकेसीतल्या मोठ्या ग्राहकाचा तयार करार येतो, त्यात 'या प्रकल्पात दिलेलं सर्व काही ग्राहकाचं' असं वाक्य असतं आणि पहिल्या मोठ्या कामाच्या आनंदात आपण सही करतो. पण त्या प्रकल्पात तुम्ही आधीच लिहिलेला अहवाल छापायचा भाग, सहा ग्राहकांना दिलेलं तेच पेमेंटचं जोडकाम, तुमची चार वर्षांची मेहनत घातलेली असते. ते सगळं जातं, आणि पुढच्या ग्राहकाला तेच देताना तुम्हीच उल्लंघन करणारे ठरता. करारात दोन रकाने करा : या कामासाठी नव्याने लिहिलेलं आणि आमचं आधीचं. नवं ग्राहकाला द्यायचं असेल तर द्या. आधीच्याचा फक्त परवाना द्या. मोठे ग्राहक यावर कुरकुरतात, पण बहुतेक ऐकतात. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

४. नाव

ट्रेडमार्कचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, अँटॉप हिलच्या पोस्ट ऑफिसजवळ बौद्धिक संपदा भवनात आहे. तिथे जायची गरज पडत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. उतरवून घ्यायच्या सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, इंटरनेटवरून द्यायच्या सेवेसाठी वर्ग ४२. बहुतेकांना दोन्ही लागतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहायचं.

अर्जाआधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सारखी नावं शोधा, आणि नाव स्वतः घडवलेलं असू द्या. 'सोसायटी हिशेब' हे नाव कामाचं वर्णन करतं, म्हणून ते अडतं. परीक्षण अहवाल आला की महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. ईमेल न पाहिल्यामुळे अर्ज सोडून दिलेला ठरलेली उदाहरणं मी पाहिली आहेत. पुढे ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी होईपर्यंत नावाजवळ फक्त 'टीएम' लावा. वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) आधीच लावणं बेकायदा आहे.

डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केलं आहे. पण आधी हे पाहा, की डोमेन, प्ले स्टोअरचं खातं आणि ट्रेडमार्कचा अर्ज कंपनीच्या नावाने आहे ना. एका भागीदाराच्या वैयक्तिक जीमेलवर सगळं असतं आणि भागीदारी फुटली की ॲप त्याच्याबरोबर जातं.

५. कॉपीराइटची नोंदणी

सक्तीची नाही. पण नोंदणीतला मजकूर कोर्टात सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो, आणि साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे (माल किंवा सेवेशी जोडून वापरायच्या कृतीला २,०००). एवढ्यासाठी टाळू नये असं माझं मत. अर्ज ऑनलाइन होतो. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबायचं. सॉफ्टवेअरसाठी सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात. एकूण २० पेक्षा कमी असतील तर सगळी. पानं काळी करून देता येत नाहीत, म्हणून कुठली फाइल सुरुवातीला आणि कुठली शेवटी येते याचा छपाईआधी विचार करा. लिहिणारा आणि अर्जदार वेगळे असतील तर लिहिणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. दुसरी पायरी केली असेल तर ते फाइलमध्ये असेलच.

६. पेटंट : बहुतेकांना लागत नाही

पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अध्यादेशाने ही अट सैल करायचा प्रयत्न झाला होता, २००५ मध्ये संसदेने तो बदल गाळला. मात्र प्रोग्राममुळे खरा तांत्रिक परिणाम साधत असेल, यंत्र वेगळं चालत असेल, डेटा नव्या रीतीने कमी जागेत बसवला जात असेल, तर दार बंद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तसं सांगितलं आहे. सोसायटीचं बिल काढणारं सॉफ्टवेअर यात बसत नाही, हे आम्हाला पेटंट एजंटाने पहिल्या भेटीतच सांगितलं. त्याचे मी आजही आभार मानते.

तुमच्याकडे खरोखर असं काही असेल, तर अर्जाआधी ते कुठल्याही प्रदर्शनात दाखवू नका. नावीन्य एकदा गेलं की परत येत नाही. तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात. स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे, आणि केंद्र सरकारच्या स्टार्टअप योजनेत अर्ज लिहून देणाऱ्या सहायकाची फी सरकार भरतं. भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करायचा नाही. इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

७. गुपितं आणि सोडून जाणारी माणसं

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात विधेयकाचा मसुदा दिला आहे. तोवर सगळी भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर. आपलं मुंबई उच्च न्यायालय या तत्त्वाचा आधार देत आलं आहे, पण ते एक प्रश्न विचारतं : ज्याला गुपित म्हणता, ते गुपित ठेवायला तुम्ही काय केलंत? म्हणून गोपनीयतेचा करार करा. त्याहून महत्त्वाचं, रिपॉझिटरीचा प्रवेश ज्याला गरज आहे त्यालाच द्या आणि माणूस सोडून गेला त्याच संध्याकाळी काढून घ्या. ग्राहकांची यादी सगळ्यांना उघड्या शीटमध्ये ठेवलीत, तर नंतर ती गुपित होती असं कुठल्या तोंडाने सांगणार?

'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही' हे कलम १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. नोकरी चालू असतानाचं बंधन टिकतं. १९६७ मध्ये सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कराराची पाच वर्षं संपायच्या आत दुसरीकडे जायला मनाई करणारी अट मान्य केली. मुलांना जाऊ द्या. त्यांची पोटं आहेत, घराचे हप्ते आहेत, आणि त्यांच्या डोक्यातलं कौशल्य त्यांचंच आहे. पेनड्राइव्हवर कोड नेला, तर मात्र गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं आणि नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणं या दोन्हींची नावानिशी तरतूद आहे.

८. दुसऱ्याचा कोड आपल्यात

मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही वापरायला खुला असतो) म्हणजे बेवारशी सॉफ्टवेअर नव्हे. त्यालाही परवाने असतात. एमआयटी परवान्यात मूळ लेखकाची सूचना जपायची, एवढंच. जीपीएल या परवान्याचा कोड मिसळून वाटलात, तर तुमचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो, आणि एजीपीएलमध्ये तर केवळ नेटवर्कवरून सेवा दिली तरी. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडच्या संचाचं) नाव आणि परवाना लिहिलेली एक फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबाबत आपल्या कायद्यात 'संगणकाने निर्माण केलेल्या' कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. तरी माणसाने काय बदललं, काय तपासलं, याची नोंद कमिटमध्ये राहू द्या.

९. कोणी खरंच उचललं तर

आधी फोन करू नका. समोरच्याला पहिला फोन गेला की त्याचं पान रात्रीत बदलतं. त्यांच्या सॉफ्टवेअरची प्रत रीतसर विकत घ्या, पावती जपा. तुमच्या चुका त्यांच्याकडे आहेत का ते पाहा : स्पेलिंग चुकलेलं व्हेरिएबल (कोडमधलं नाव), अर्धवट सोडलेली सूचना. आमच्या एका स्क्रीनवर 'थकबाकी'ऐवजी 'थबकाकी' राहून गेलं होतं, आणि ते एका नकलेतही तसंच सापडलं. याहून बोलका पुरावा मला दुसरा मिळाला नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) असलेलं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्या दिवशीच करून ठेवा.

दावा तुमच्या कंपनीचा कारभार जिथे चालतो तिथे लावता येतो, त्यामुळे नक्कल करणारा हैदराबादचा असला तरी तुम्हाला मुंबई सोडावी लागेलच असं नाही. तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. फौजदारी बाजूला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात.

कोड किंवा ॲप दुसऱ्याच्या संकेतस्थळावर ठेवलेलं असेल, तर त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार द्या. ती मिळाल्यापासून ३६ तासांत त्यांनी तो भाग बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाहीत, तर ते तो पुन्हा खुला करू शकतात. म्हणून तक्रार पाठवायच्या आधीच वकिलाकडे दाव्याचा मसुदा तयार पाहिजे, आणि त्या मसुद्याला जोडायला, ज्याने ती फाइल लिहिली त्याच्या सहीचा, मुदत आणि प्रदेश लिहिलेला करार.